उतारा

खिंडीत माझं टायरचं दुकान:
पत्र्याच्या तीन भिंती, चौथी वाऱ्याची.
इथून पुढे लिमापर्यंत रस्ता नुसता उतरतो,
आणि इथवर पोचलेल्या ड्रायव्हरला वाटतं
चढ संपला, म्हणजे काम संपलं.

मी नेलिदा याउरी. हातोडी वडिलांची.
टायरवर मारायची आणि ऐकायचं:
भरलेला टायर बोलतो, बसलेला नुसता हुं करतो.
ड्रमला हात लावायचा नाही, जवळ न्यायचा,
भट्टी तापली का बघतात तसा.
ब्रेकच्या दांड्यावर खडूची एक रेघ.
पेडल दाबल्यावर रेघ दोन बोटं सरकली तर ठीक,
तिसरं बोट लागलं की मी पाना काढते
आणि ड्रायव्हर पाकीट लपवतो.

"असाच तर आलोय वर," म्हणतात.
वर येताना ब्रेक कोणाला लागतात?

परवा रात्री अबिलियो सुल्का आला.
एकोणतीस टन जस्ताची भुकटी, ताडपत्रीवर बर्फ,
गालात कोकाची पानं. डोळे
उघडे होते, पण आत कोणी नव्हतं.
किती तास झाले, विचारलं.
त्यानं बोटं मोजली, दोन्ही हातांची संपली,
मग हसला, आणि तीच बोटं पुन्हा दाखवली.
खिशात फोन गुरगुरत होता.
मालकाचा. बंदरात बोट उभी आहे.
बोट नेहमीच उभी असते.

म्हणाला, न्यूट्रलला टाकतो, डिझेल वाचेल,
वाचलेलं खाली विकीन, पोरीला शाळेचे बूट घेईन.
मी मापाचं विचारलं.
तो थांबला.
तेहतीस, म्हणाला. मग म्हणाला, चौतीस असेल.
मग खिडकीच्या काचेवर बोटानं पाऊल काढून बघितलं
आणि पुसून टाकलं.

तेवढ्यात मी आत हात घालून चावी काढली
आणि जवाच्या सूपच्या पातेल्यात टाकली.

मला येतात त्या सगळ्या शिव्या ऐकल्या,
क्वेचुआतल्या दोन नव्या शिकले.
झाकण ठेवलं. म्हटलं, सहा तास.
इथं पाणी उकळतं पण तापत नाही,
हवेतच दम नाही, जव तरी काय करणार.
तो जुन्या टायरांच्या ढिगावर बसला, माझा उद्धार करायला,
आणि अर्ध्या शिवीवर झोपला.

फोन वाजत राहिला. शेवटी मीच उचलला.
ब्रेक उघडलेत, सांगितलं.
खोटं नको म्हणून मग खरंच उघडले.
मागच्या डाव्या चाकाचं लायनिंग
माझ्या करंगळीच्या नखाएवढं उरलं होतं.
ते मी त्याच्या टोपीत ठेवलं.

वडील म्हणायचे, या उताराला एकच उतारा:
लहान गिअर आणि पुरी झोप.
आम्ही हसायचो, इतकं स्वस्त औषध कोण घेतं.
सातव्या वळणावरचे क्रूस
मी दर नोव्हेंबरात पांढरे रंगवते.
यंदाही एकाच डब्यात भागलं.

पहाटे त्यानं टोपी उचलली, बघितलं,
काही बोलला नाही.
पळीनं चावी काढून दिली, तिला जव चिकटलेले.
दुसऱ्या गिअरमध्ये निघाला. इंजिन कण्हत होतं,
नवव्या वळणापर्यंत मला ऐकू येतं.
नंतर येत नाही.
ते नंतरचं मी कधी उभ्यानं ऐकत नाही,
पाने पुसत बसते.

दहाच्या सुमाराला चीजवाला दामासो वर आला, वैतागलेला.
खाली काय विशेष?
काय असणार? एक जस्ताचा ट्रक,
बैलाच्या चालीनं उतरतोय,
मागे पंधरा गाड्या, सगळे हॉर्नवर बसलेत,
आणि सान मातेओत शाळेची पोरं रस्ता ओलांडेपर्यंत
तो गडी इंजिन चालू ठेवून उभा.
अशा लोकांना लायसन्स देतं कोण?

मी त्याला वाडगाभर सूप वाढलं.
जरा लोखंडी लागतंय, म्हणाला.
खा, म्हटलं.