सहाचे बारा

ऐरोली गावठाणात, मढवीच्या गॅरेजवर
बुलेटचं डावं कव्हर निघालं
आणि तेलात बुडालेली सहा व्होल्टची कॉइल
करपल्या चकलीसारखी बाहेर आली.

"सहाचे बारा करूया," मढवी म्हणाला.
"बारा वाजवू नकोस म्हणजे मिळवली."
तो हसला नाही. दातांत वायर होती.

एकोणसत्तरचं मॉडेल.
सिग्नलला थांबलं की दिवा पिवळा, मग तांबूस,
अँमीटरचा काटा उधारीकडे.
न्यूट्रलवर टाकून जराशी रेस द्यायची,
दमेकऱ्याला बोलतं ठेवावं तशी.
तेवीस वर्षं दिली.

आता नवा स्टेटर, नवा रेग्युलेटर,
हॉर्नसुद्धा नवा, परका.
जुनी कॉइल मी पेपरात गुंडाळून मागून घेतली.
"भंगारात चाळीस रुपये येतील," मढवी.
असू दे.

रात्री दिघ्याकडे निघालो.
पांढराफेक उजेड पडला
थेट कंपनीच्या भिंतीपर्यंत.
एवढे खड्डे होते इथे?
आणि मी ते चुकवत आलो,
न बघता?

सिग्नल लागला.
दिवा तसूभर हलला नाही.
उजवा हात तेवढा
आपला रेस देत राहिला.
शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला,
"काका, घाई आहे का?"