खांदा

चाळीस वर्षं मी बोर्ड रंगवले
खडेबाजारापासून कपिलेश्वर रोडपर्यंत,
दोन्ही लिप्यांत.
सुतळीला नीळ लावून टणकन् सोडायची भिंतीवर,
की आडवी रेघ पक्की.
मग तिला देवनागरी टांगायची
दोरीवर धुणं टांगल्यासारखी,
आणि कानडी ठेवायची खाली, गोल गोल,
परातीत लाडू वळून ठेवल्यासारखी.
फ्लेक्स आला.
ब्रश घासलेटात ठेवले ते ठेवलेच.

आता रविवारी सकाळी शहापुरात,
माग हलवलेल्या एका खोलीत
बाळेकुंद्री मॅडमच्या वर्गाला जातो.
पोरं एकोणीस-वीसची. मी बासष्टचा.
समोर स्टुलावर रुद्राप्पा हणबर,
रविवार पेठेतला हमाल, धोतर सोडलं तर उघडा.
दोन तासांचे तीनशे.
"उचलायचे पैसे घेतले जलमभर," तो म्हणतो,
"बसायचे हे पहिल्यांदाच."
जागा चुकू नये म्हणून मॅडमनी
त्याच्या पावलांभोवती खडू फिरवलाय.

पहिल्या रविवारी मी खांदे काढले,
आडवे, सुतळी मारल्यागत.
दुसऱ्या रविवारी तेच.
हात, बरगड्या, सगळं खाली नीट टांगलं.
मॅडम मागं येऊन थांबल्या.
"नोडरी पेंटर," म्हणाल्या,
"तुम्ही बघत नाही, आठवालाय."

राग आला.
ओळ सरळ आली, ही तक्रार
आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं केली नव्हती.

मग पेन्सिल आडवी धरून एक डोळा मिटला.
डावा खांदा उजव्याहून चार बोटं खाली.
त्यावर गाठ, लिंबाएवढी,
जिथं गुळाची ढेप बसत असणार.
आणि मान थोडी उजवीकडं,
अजून त्या ढेपेला जागा सोडून.
ढेप खोलीत नव्हती.
काढायची होती तीच.

खोडून खोडून कागद भोकाला आला.
चौथ्या रविवारी एक तिरपी रेघ उतरली,
कापरी,
बोर्डावर असती तर मीच पुसली असती.

चहाच्या वेळी रुद्राप्पा बशी घेऊन आला.
बशीतला चहा गार होईपर्यंत बघत राहिला.
"खाली नाव घाला की," म्हणाला.
कुठल्या अक्षरात, मी विचारलं.
"कुठल्याबी. मला वाचाय कुठं येतंय."
डांबर फासलेले स्वतःचेच बोर्ड
दोनदा नव्यानं रंगवलेला माणूस मी,
एकदा ह्यांनी फासलेले, एकदा त्यांनी,
पेन्सिल धरून नुसता उभा.
नाव घातलं.
कुठल्या लिपीत, ते सांगत नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही.
बायकोला घेऊन यल्लम्माच्या डोंगराला गेलाय, कळलं.
मॅडम म्हणाल्या, मग स्टूल काढा.
पोरं कुरकुरली.
रिकामं स्टूल, आणि फरशीवर
खडूची दोन पावलं, डावं जरा पसरट.

कागद लावला.
वरची रेघ मारायला हात गेला, थांबवला,
आणि पावलांपासून सुरुवात केली.