इकोचं बटण

सभा जेटीच्या तोंडाशी. चार भोंगे, दोन माइक,
आणि पडद्यामागे मिक्सरवर मी, शिवलकर साउंड.
भाडं साडेचार हजार, निम्मं अजून यायचंय.

कार्यकर्ता वाकून म्हणाला,
"साहेब चोऱ्यांवर आले की इको थोडा वाढव."
वाढवला.

"या शहरात रात्री बाहेर पडायची सोय उरली आहे का?"
का, का, का, भोंगे म्हणाले,
बर्फाच्या कारखान्यावरचे कावळे उठले.
"बोटींवर कोण येतं, कोण राहतं, कुणी मोजलंय का?"
का, का, का.

एक वाक्य खोटं नव्हतं.
सगळे प्रश्नच.
प्रश्नाला कोण पुरावा मागतो?

चोरी झाली नाही, असं मी म्हणत नाही.
हलिमाबीची बाळी ओढली पहाटे लिलावाच्या गर्दीत,
कानाची पाळी दुभंगली.
मीच रिक्षात घालून सिव्हिलला नेलं.
टाके पडत होते आणि ती डॉक्टरला
सुरमईचा दर सांगत होती.
बाळी ओढणारा आठवड्यात सापडला,
आमच्याच आळीतला, दहावी नापास,
बाप साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर.

साहेबांनी नाव घेतलं ते तिचं. "आमची हलिमा भगिनी."
त्याचं नाही.
गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, एवढं मलाही कळतं.
पण ती जागा मोकळी राहिली,
आणि माना एकेक करून
ट्रॉलरांकडे वळल्या.

टेकबहादूर तिथेच, डेकवर, जाळ्याला गाठी मारत.
सभा संपली की तो वायरी गुंडाळायला येतो,
एक चहा, दोन खारी, आणि नेपाळला फोन लावायला माझा मोबाइल.
त्या रात्री आला नाही.
केबिनचा दिवा मालवून सहा जण बसून होते म्हणे,
एप्रिलच्या उकाड्यात, दार लावून.

मी एकट्याने गुंडाळली.
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर, चारशे फूट.

हलिमाबी रिकामी टोपली घेऊन समोर.
"कोनी सांगितलान त्याला माजा नाव घ्यायला?"

मी म्हटलं, मी फक्त माइक लावतो.

तिने ओढणी बाजूला सारली,
टाक्यांचा कान माझ्याकडे केला,
नीट ऐकू आलं नसावं तसा.

पुन्हा सांगायला गेलो,
तर आवाज पुरेना.