अहवाल

मंगळवार. सकाळचे अकरा.
वडगावच्या पुढे, नाल्याकडच्या समुदाय भवनात
दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्यात, आणि मी :
दिवसाचे सहाशे रुपये,
इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायला.

दारावरच्या फलकावर कन्नडमध्ये : अहवालु सभे.
कन्नडात अहवालु म्हणजे गाऱ्हाणं.
मराठीत अहवाल म्हणजे
मेजावरचं ते निळं बाड, पानं दोनशे बारा.
आदिलशाहीत कधीतरी एकाच घोड्यावरून आला असेल हा शब्द;
उतरताना
अर्धा खुर्चीकडे गेला, अर्धा खुर्चीसमोर.

बाडात अकराशे घरं आहेत, परवडणारी.
हॉल, खोली, मोरी, ओटा.
पान सत्त्याऐंशी मी काल रात्रीच वाचून ठेवलंय :
'सदर जागेत लक्षणीय जलसाठा आढळला नाही.'
खाली बारीक अक्षरात : पाहणी, एप्रिल.

बोकमूरकर मामा उठले. हातात माईक उलटा.
"एप्रिलात काय बघायलाय वो?
एप्रिलात आमच्या विहिरीत पण पाणी नसतंय.
आगस्टात या. उभी बासमती निजते बघा.
छातीभर पाणी."
मी सांगितलं. छातीभरला शब्द होता माझ्याकडे,
निजतेला सापडला नाही, आडवी होते म्हटलं.
मॅडम म्हणाल्या, मीटरमध्ये सांगा.

मामा भिंतीपाशी गेले,
चपला काढल्या, कशाला कोण जाणे,
आणि बरगडीवर तळवा आडवा धरला.
कन्सल्टंटचा पोरगा टेप घेऊन वाकला.
एक मीटर अठरा. खडूची रेघ.

मग शंकरव्वा.
मागावर उभं राहून पाय सुजलेले,
बोलायला लागली ती न थांबता, कन्नडात :
भाडं साडेतीन हजार, नळ एक, बिऱ्हाडं अकरा,
पोरगी दहावीत, अभ्यास जिन्यावर,
बेडकांची काळजी वाहणाऱ्यांनी एक रात्र माझ्याकडे झोपावं.
मी मराठीत सांगत होते,
आणि पहिल्या वाक्यानंतर
'ती म्हणते' म्हणायचं विसरले.
भाडं साडेतीन हजार. नळ एक.
पुढच्या रांगेतले शेतकरी माझ्याकडे रोखून बघू लागले.

यादीत माझाही अर्ज आहे, क्रमांक सातशे चौदा.
आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग.
कपातला चहा
नऊ वर्षांत कधी स्थिर पाहिलेला नाही.

"पाणी जाणार कुठं?" कुणीतरी मागून.
पोरगा म्हणाला, गटार, सव्वा मीटर रुंद, नाल्यात सोडू.
"आणि नालाच माघारी यायलाय तेव्हा?"
त्याने माझ्याकडे पाहिलं.
प्रश्न मी दोनदा सांगितला.
त्याला कळला नव्हता म्हणून नव्हे.

तेवढ्यात शंकरव्वा उठून रेघेपाशी गेली.
पाठ टेकली. रेघ तिच्या खांद्यावरून गेली.
टाचा उचलून तिने हात डोक्यावर नेला
आणि भिंतीवर थाप मारली :
इल्लिंद म्याले कट्री.
मी तोंड उघडायच्या आत
मामाच म्हणाले, "इथनं वर बांधा म्हणते बाई."
थोडं थांबून, रेघेकडे बघत :
"बांधा की. पण मग माझ्या रानात दुप्पट यायचं."
हे मात्र मला सांगावं लागलं.
शंकरव्वाने ऐकलं. पदराने मान पुसली.
काही बोलली नाही.

नोंद झाली : आक्षेप एक, पाठिंबा एक.
रेघ कशातच बसली नाही.

खुर्च्या उचलल्यावर मी तिथे उभी राहून पाहिलं.
काखेच्या जरा वर.

व्हाउचरवर एक रकाना होता, तपशील.
लेखनिकाला विचारलं, काय लिहू, अहवाल?
"काय पण लिही की अक्का.
सही तेवढी रेघेच्या खाली कर."