माणसाला कळेल असं

पिंपळगाव बसवंत, पॅकहाउस क्रमांक दोन,
रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
बाहेर आग्रा रोडवर कंटेनर इंजिन चालू ठेवून उभा,
आत थॉमसनच्या पेट्या, पाच-पाच किलोच्या,
आणि स्क्रीनवर एकच ओळ:
जागा शिल्लक नाही.

डिस्क भरली की शीतगृहाचं तापमान नोंदलं जात नाही,
नोंद नाही तर कागद नाही,
कागद नाही तर कंटेनर हलत नाही.
ड्रायव्हर दोनदा काचेवर टकटक करून गेला.

मी टाइप केलं डीएफ, आडवी रेघ, एच.
ती एच विसरायची नाही, निरभवणे शिकवताना म्हणायचे,
नाहीतर मशीन आपल्याच हिशेबात बोलत बसतं.
एच म्हणजे, बाई, माणसाला कळेल असं सांग.
शंभर टक्के, त्यानं सांगितलं.
कळलं.

मग डीयू. एकेक फोल्डर काट्यावर चढवायचं,
बाजार समितीत ट्रॅक्टर चढवतात तसं.
हिशेबाचं हलकं. फोटोंचं बरं.
लॉगच्या फोल्डरनं मात्र काटाच बसला:
सोळा सेन्सर, दर सेकंदाला,
शून्य पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक तीन, शून्य पूर्णांक दोन.
काहीही न घडल्याची अडतीस जीबी नोंद.

प्रत ऑडिटला गेलेली, ते आधी पाहून घेतलं.
आरएम कधी विचारत नाही, नक्की ना, वगैरे.
दोन अक्षरं, फाइलचं नाव, एंटर.
एलएस केलं. यादीत नाही.
पुन्हा डीएफ.
शंभर टक्के.

पुसलेली फाइलही जागा अडवून बसते
जोवर कुणीतरी ती आतून उघडी धरलेली असते.
कोण, ते शोधलं.
'राखण' नावाची एवढीशी स्क्रिप्ट,
चारशे बारा दिवस एका दमात चाललेली,
मालकाच्या रकान्यात: निरभवणे.

ते तर खऱ्या मालकाशी भांडून गेले गेल्या पोळ्याला,
दिंडोरीत पशुखाद्याचं दुकान टाकलं म्हणे.
फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.
हॅलो नाही, काही नाही:
"दोनच्या वर गेलं का?"

नाही, म्हटलं, डिस्क भरलीय.
तुमची राखण मारावी लागेल.
जरा थांबले. मागे कुठे साखळी वाजली, म्हैस उठली असावी.
"मार. पुढे नऊ घाल, साधं सांगून ऐकायची नाही ती.
मग तुझ्या नावानं चालू कर."

किल, आडवी रेघ, नऊ.
बासष्ट टक्के.
आणि नव्या फाइलीत पहिली ओळ, शून्य पूर्णांक दोन,
मालकाच्या रकान्यात: पिंजारी.

कागदांवर शिक्का बसला, कंटेनर न्हावा-शेव्याकडे वळला.
फोन चालूच राहिलेला, मी विसरलेच.
"ऐक," ते म्हणाले, "जरा कॉम्प्रेसरपाशी ने."
नेला. लोखंडी जाळीला लावून धरला.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.

"दोन नंबरचा पट्टा घासतोय,
सकाळी बघून घ्या."