मूठ

मार्चात लोफोटेनमध्ये कुणी नीट झोपत नाही.
बोटी लागतात, गोदामाचं दार वर सरकतं
आणि कॉडची डोकी टपाटपांनी ओतली जातात
पोरांच्या पुढ्यात.
धड मोठ्यांचं. जीभ जो कापेल त्याची.
हे कुठे लिहिलेलं नाही,
बेटावर कुणी विचारतही नाही.

माझी टूव्हा सात वर्षांची.
नारिंगी रबरी डगला, बाह्यांना चार दुमडी,
कमरेला सुतळी.
हातात सुरी.

मी दक्षिणेकडचा, शहरातला.
आमच्याकडे सुऱ्या वरच्या खणात असत, कडीच्या आड.
बारा वर्षांचा होईतो माझं सफरचंद
दुसऱ्याच कुणीतरी चिरलं.
माझ्या हातांना बटणं ठाऊक आहेत, दाबायची.
टूव्हाची आई इथली. ती म्हणाली,
"हवं तर ये. पण खिशात हात घालून उभा राहा."

शिकवणारा आयलिफ. वय अकरा, पुढचा दात अर्धा.
मला वाटलं, आता हा कापायला शिकवेल.
त्याने आधी उभं राहायला शिकवलं.
पावलं एवढी लांब, गुडघे सैल,
ओल्या फरशीवर टाचेने जागा धरायची.
मग सुरी द्यायला. घ्यायला. पुन्हा द्यायला.
पातं आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे.
वीस वेळा.
टूव्हा कंटाळली.
एकविसाव्यांदा.

मग खिळा. मनगटाएवढ्या उंच लाकडावर ठोकलेला,
टोक वर.
डोकं उचलायचं, जबड्याखालून खिळ्यावर आपटायचं,
खाली ओढायचं, एक काप, जीभ बादलीत.
"जोर नको लावू," आयलिफ म्हणाला. "धार कशाला आहे?"
सकाळभरात तो एवढंच बोलला.

जिभेला हाड नसतं, म्हणून ती वाट्टेल तशी वळते.
इथे शेकड्यांनी जिभा बादलीत पडत होत्या
आणि गप्प राहून पोरांचे हात चालले होते.

पहिली जीभ फाटली. दुसरी निम्मी आतच राहिली.
तिसरी चांगली आली, ती तिने मला लांबून दाखवली.
सातव्या डोक्याला सुरी निसटली.

अंगठा.

माझे हात खिशाबाहेर होते, मी दोन पावलं टाकलीही.
पलीकडे मासे साफ करता करता, मान न वळवता
तिची आई "नको" म्हणाली.
मला, की तिला, ते अजून कळलेलं नाही.
आयलिफने टूव्हाचा हात धरून वर केला,
वर्गात उत्तर येत असलं की करतात तसा,
आणि धरून ठेवला.
रक्त मनगटापर्यंत आलं. थांबलं.
पट्टी, पट्टीवर हातमोजा.
तिने माझ्याकडे पाहिलं. रडायचं का,
हे ती माझ्या तोंडावर शोधत होती.
मी छताकडे बघू लागलो.
पत्र्याच्या एका ओळीत चौदा बोल्ट आहेत,
तेराव्याला गंज.

हात नक्की कधी बसला, सांगता येणार नाही.
चाळिसाव्या डोक्याला असेल, किंवा मी कॉफी आणायला गेलो तेव्हा.
परत आलो तर आवाज बदलला होता.
आपट, ओढ, सप्.
आपट, ओढ, सप्.
पाठ माझ्याकडे, सुतळी सुटलेली,
आणि तिला माझी आठवण नव्हती.

काट्यावर दोन किलो तीनशे.
आयलिफचे एकोणतीस किलो. तो हसला नाही,
काटा पुसून पुढच्याला जागा दिली.
मिळालेल्या नोटा तिने डगल्यात खोल घातल्या;
त्या आठवडाभर वासाने सापडत राहिल्या.

रात्री स्वयंपाकघरात पीठ पसरलेलं, तव्यावर लोणी.
जिभांवरचं कातडं काढायचं राहिलं होतं.
"तुला येतं?" तिने विचारलं.
मी नाही म्हटलं.
तिने सुरी उचलली, बोथट कड तळव्यात,
पट्टीचा अंगठा वर,
आणि मूठ माझ्याकडे केली.
मी हात पुढे केला, तर तिने सुरी मागे घेतली.
माझ्या पायांकडे बघत म्हणाली,
"आधी नीट उभा राहा."