मेण आणि राळ

मेण तीन भाग, राळ एक भाग.
मंद आचेवर. उकळी आली की गेलं सगळं वाया.
हे मला इलारियोनं सांगितलं, ब्राझीलच्या दक्षिण टोकाकडून.
त्याला मी कधी पाहिलं नाही.
इथे कोत्कात तेव्हा बंदर गोठलेलं,
आणि माझ्या मांडीवर बापाचा अकॉर्डियन,
भाता फाटका, एक सूर मुका.

असे आम्ही अडीचशे जण.
कोणी सस्कॅचेवानचा निवृत्त पोस्टमन,
कोणी त्रिएस्तेची दंतवैद्य,
हत्यारं सगळ्यांत चांगली तिची.
जागा आमची नव्हती. कोणाची आहे
हे विचारायचं सुचलंच नाही.
पारावर टेकताना कोण सातबारा मागतो?

मग जागा विकली गेली. आम्हाला कळलं तेव्हा
प्रश्न आणि उत्तर यांच्या मधोमध
कानाच्या यंत्रांची जाहिरात उभी होती.
नंतर म्हणे, जुने फोटो पाहायचे तर सोनेरी सभासद व्हा.
फोटो आमचे. बोटं आमची. बोटांवरचं मेण आमचं.
तौनोनं पत्र लिहिलं, नम्र, दोन पानी.
उत्तर आलं : तुमचा अनुभव आम्हाला मोलाचा वाटतो.
त्यानं ते छापून संडासात लावलं.

तरी थांबलो. माणूस थांबतो.
भाडं वाढलं, भिंतीला ओल आली, तरी.
घर बदलायचा कंटाळा
हीच अर्धी निष्ठा असते.

उठलो ते एका मंगळवारी.
इलारियो गेला त्याला चौदा महिने झाले होते.
सगळ्यांना एकाच वेळी निरोप आला :
इलारियो बरेच दिवसांत इकडे फिरकला नाही,
त्याला हलकीशी टपली मारा!
खाली एक पिवळा, हसरा चेहरा.

त्रिएस्तेहून ओर्नेल्लानं एवढंच लिहिलं :
चला.

बंदरात मी एकतीस वर्षं क्रेन चालवली.
ओझं कसं हलवायचं ते मला ठाऊक आहे :
आधी वजन, मग उंची, घाई कधीच नाही.
तीन आठवडे, रात्रपाळीनं, चोरांसारखे
आम्ही आमचंच सामान काढत होतो.
अकरा हजार उत्तरं. त्यातली कित्येक चुकीची.
चुकीचीही घेतली, कारण त्यांच्याखाली
कोणीतरी सावकाश, न रागावता
ती दुरुस्त केलेली होती.

आता ते यंत्र माझ्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत असतं,
टॉवेलांच्या फळीवर, बर्चच्या डहाळ्यांशेजारी.
विजेचं बिल वर्गणीतून.
वर्गणीवरून भांडतो. नियमांवरून त्याहून जास्त.
पोस्टमन दोनदा रागावून निघून गेला,
दोन्ही वेळा दाराशीच घुटमळला.
काही जण आलेच नाहीत. ब्रूनहिल्ड म्हणाली,
नवी पोरं चुकून येतात ती त्या चौकातच,
त्यांना राळेचं कोण सांगणार?
तिचं खरं आहे. माझ्याकडे उत्तर नाही.
ती अजून तिथेच बसते, जाहिरातींच्या गलक्यात,
एकटी, दिवा लावून.

जानेवारीत वीज गेली.
नऊ तास आम्ही कुठेच नव्हतो.
त्या रात्री माझा फोन वाजत राहिला, चार देशांतून,
पूर्वी कधी न ऐकलेले आवाज.
ओर्नेल्लाचा इतका जाड असेल असं वाटलं नव्हतं.
चालू झालं का?
नाही.
बरं. मग तू कशी आहेस?

यंत्राचा पंखा गुणगुणतो.
तौनोनं फोनवर कान लावून निदान केलं :
कोमल निषाद, जरासा उतरलेला.
येऊन सुरात लावू का?
नको म्हटलं.

इलारियोचं उत्तर पहिल्या पानावर ठेवलंय.
त्याखाली काल कोणीतरी, नाव ओळखीचं नाही,
घाईघाईत लिहिलंय :
मेण उकळलं. आता काय करू?